आठव्या पिशवीचं माप

आठ नंबरच्या झोपायच्या पिशवीची लांबी वीतभर वाढवायची आहे, अशी चिठ्ठी शाळेचा शिपाई घेऊन आला तेव्हा कोकिळाबाई हसल्याच. आठ नंबर त्यांचा स्वतःचा होता. "अडतीस वर्साची बाई मी, आता वीतभर वाढून राह्यली काय?" असं त्यांनी शिपायालाच विचारलं. तो बिचारा चिठ्ठी मशीनवर ठेवून गेला. अक्षर शरयूबाईंचं होतं आणि आकडा आठच होता, खाली दोन रेघा मारलेल्या.

कोकिळाबाईंची उंची चार फूट दहा इंच. चिखलीच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत. शाळेत शिवणाच्या बाईला काय मान असतो हे ज्यानं त्यानं आपापली शाळा आठवून बघावं. परीक्षेला त्यांच्या विषयाचे गुण धरत नसत आणि स्नेहसंमेलनाचे पडदे मात्र त्यांनीच शिवायचे असत. स्टाफरूममध्ये त्या बोलल्या की दोघीतिघी गालात हसत, कारण बाई वर्गातसुद्धा आपल्या उंद्री गावचीच बोली बोलत. त्यांच्या शेजारी बसून डबा खाणारी एकच बाई होती, ती म्हणजे भूगोलाच्या शरयूबाई. अकरा वर्षं दोघींचे डबे एकाच बाकावर उघडत होते.

आदल्या ऑक्टोबरात परिपत्रक आलं. एकोणसत्तरच्या मे महिन्यात शिक्षिकांसाठी हिमालयात तीन आठवड्यांची पायी सहल होती आणि जिल्ह्यातून आठ जणी जायच्या होत्या. प्रत्येकीनं झोपण्याची उबदार पिशवी आणायची, आणि आठ जणींत मिळून दोन लहान स्टोव्ह. असली पिशवी चिखलीत कोणी पाहिली नव्हती, आणि मुंबईहून आणवायची तर पगार पुरला नसता. तेव्हा शरयूबाई डबा झाकता झाकता म्हणाल्या, "तू पिशव्या शीव, स्टोव्हचं बघ. नावं मी पाठवते. आपण दोघी एका तंबूत."

कोकिळाबाईंना बर्फ बघायचा होता. त्यामागे काही मोठं कारण नव्हतं. शेगाव आणि अकोला सोडून त्यांनी काही पाहिलं नव्हतं, आणि आपणही एकदा कुठं तरी जावं, कोणी तरी आपल्याला बरोबर न्यावं, एवढंच त्यांना वाटत होतं. पण ते इतकं वाटत होतं, की त्या रात्री जेवण गेलं नाही. रविवारी उंद्रीला जाऊन त्यांनी आईला, चांगुणाबाईंना सांगितलं, आणि त्यांनी ते सोमवारपर्यंत गावभर केलं.

मग बाई कामाला लागल्या. पहिली पिशवी त्यांनी अर्थातच कापसाची केली. कापसाच्या मुलखात दुसरं सुचणार काय? पिशवी गुबगुबीत झाली, आणि पाठीवर घेतली तर बाई मागे ओढल्या जायला लागल्या. वर त्यांनी मुद्दाम तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. दोन दिवस उन्हात टाकूनही आतला कापूस ओलाच राहिला. तिथं दव पडणार, बर्फ पडणार. हिच्यात झोपलेली बाई सकाळी उठेल कशी? त्यांनी शिवलेली पिशवी उसवली. स्टाफरूममध्ये चेष्टा सुरू झाली, की कोकिळाबाई आम्हाला पोत्यात घालून नेणार.

सरावासाठी आठवी बाई म्हणून कोकिळाबाईंना धरून सगळ्या जणी एका रविवारी राजूरचा घाट उतरून मोताळ्यापर्यंत चालत गेल्या. पाठीवर सहा सहा किलो होतं. शरयूबाई तीन वेळा दगडावर बसल्या. कोकिळाबाई पुढं जात आणि त्यांच्यासाठी थांबत. त्या घाटात त्यांना सावरीची झाडं दिसली. सावरीचा कापूस हलका, पाणी लवकर न धरणारा. लहानपणी उशीत भरलेला त्यांना आठवत होता. मार्च-एप्रिलात बोंडं फुटली तसे त्यांनी पाच रविवार घाटात घालवले. तो कापूस नाकातोंडात जातो, सुतासारखा धरता येत नाही. खोलीची दारं-खिडक्या लावून त्यांनी तो भरला आणि तो एका जागी गोळा होऊ नये म्हणून चार चार बोटांवर आडव्या शिवणी मारल्या. प्रत्येकीचं टाळूपासून टाचेपर्यंत माप घेतलं, वर वीतभर सैल सोडलं.

स्टोव्हचंही तसंच. वातीचा स्टोव्ह शाळेच्या गच्चीवरच्या वाऱ्यात टिकला नाही, स्पिरिटच्यावर भात कच्चा राहिला. शेवटी पाय निघणारा छोटा पितळी पंपाचा स्टोव्ह त्यांनी पसंत केला. तो खोलून वायसर कसा बदलायचा, पिन कशी मारायची, हे त्या बाजारातल्या स्टोव्हदुरुस्तीवाल्या रंगरावांपाशी बसून शिकल्या. फेब्रुवारीत त्यांनी शरयूबाईंना विचारलं होतं, नावं गेली काय? "गेली," असं शरयूबाई म्हणाल्या होत्या.

आणि आता मे महिन्यात ही चिठ्ठी. सहल आठ दिवसांवर होती. कोकिळाबाई चिठ्ठी घेऊन शरयूबाईंच्या घरी गेल्या. शरयूबाई अंगणात कुरडया उलथत होत्या. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, ऊन किती वाढलंय ते सांगितलं.

"आठ नंबर माहा हाये," कोकिळाबाई म्हणाल्या.

मग हळूहळू बाहेर आलं. शाळेच्या अध्यक्षांची पुतणी सुहासिनी यंदाच शाळेत लागली होती. मुलगी उंच. तिची जायची इच्छा होती. अध्यक्षांना नाही कसं म्हणायचं?

"म्हणून माहं नाव काढलं?"

"काढलं नाही गं," शरयूबाई म्हणाल्या. कुरडई त्यांच्या हातात मोडली. "घातलंच नव्हतं."

फेब्रुवारीपासून. म्हणजे सावरीची बोंडं फुटायच्याही आधीपासून. ते पाच रविवार, तो नाकातला कापूस, डब्यातली रोजची भाजी, सगळं चालू असताना या बाईला ठाऊक होतं. काऊन, एवढंच कोकिळाबाई विचारू शकल्या.

शरयूबाईंनी मोडलेल्या कुरडईचे तुकडे गोळा केले. "तिथं पुण्यामुंबईच्या बायका येणार. तू बोलायला लागलीस की त्या…" पुढचं त्यांनी सोडून दिलं. "तुलाच वाईट वाटलं असतं, कोकिळा."

कोकिळाबाई उठल्या. मला विचाराल तर त्यांनी त्या कुरडया अंगणभर उधळायला हव्या होत्या. त्यांनी पेला आत ओट्यावर नेऊन ठेवला आणि घरी आल्या.

बाई काही संत नव्हत्या. आठ नंबरची पिशवी उसवताना त्यांच्या मनात भलतंसलतं आलं. एक शिवण कच्ची ठेवली तर कोणाला कळणार होतं? सगळा कापूस पायाशी गोळा झाला असता. दुपारभर त्या कात्री हातात धरून बसल्या. पण थंडीत कुडकुडली असती ती सुहासिनी, आणि तिनं बाईंचं काय वाईट केलं होतं? शिवाय कच्चं शिवायला हात वळेना. वीतभर कापड जोडून, कापूस भरून त्यांनी शिवण दुहेरी मारली, आणि पिशवी शाळेत पोचवली.

निघायच्या दिवशी सकाळी मलकापूरच्या गाडीपाशी त्या स्टँडवर गेल्या. जायचं कारण होतं. स्टोव्ह कसा चालवायचा हे दुसऱ्या कोणाला येत नव्हतं आणि शरयूबाईंनी ते सुहासिनीला शिकव म्हणून दुसरी चिठ्ठी पाठवली होती. पायात बाईंनी सहलीसाठी घेतलेले कॅनव्हासचे बूट घातले होते. का घातले, त्यांनाही सांगता आलं नसतं.

स्टँडच्या भिंतीआड बसून त्यांनी सुहासिनीला दाखवलं. आधी वाटीत स्पिरिट, ते पेटून बर्नर तापू द्यायचा, मग पंप. घाई केली की भडका उडतो. पिन मारताना तोंड बाजूला. पोर गुणी होती, एकदाच दाखवलेलं तिनं बरोबर करून दाखवलं.

"मला फार वाईट वाटलं, बाई," ती म्हणाली. "शरयूबाई म्हणाल्या, तुम्हाला उंचावर भीती वाटते म्हणून तुम्ही स्वतःच नाही म्हणालात. नाहीतर मी आलेच नसते."

चार हातांवर शरयूबाई सामान मोजत होत्या. त्यांचं मोजणं थांबलं. कोकिळाबाईंना कळलं की शरयूबाईंनी ऐकलंय. एका वाक्याचं काम होतं. पोर खरी होती, ती गाडीत चढलीच नसती, आणि सगळ्या जणींसमोर शरयूबाईंचं पितळ उघडं पडलं असतं.

"हाव," कोकिळाबाई म्हणाल्या. "मले भेव वाटते."

स्टोव्हची हवा सोडून त्यांनी तो फडक्यात बांधून दिला. शरयूबाई जवळ येऊन काहीतरी बोलू पाहत होत्या, पण कोकिळाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. गाडी गेली.

नंतर त्या खोलीवर गेल्या नाहीत. उंद्रीची गाडी लागली होती, तीत बसल्या. गावाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी आईला सांगायला हवं होतं.

चांगुणाबाई दारात तूर पाखडत होत्या. "काऊन वो, गाडी चुकली काय?" त्यांनी विचारलं.

"नाही," कोकिळाबाई म्हणाल्या. एवढे आठ दिवस डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं. "मले नाही नेलं, माय."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. सोळा वर्षांपूर्वी जावई नोकरीवर नागपूरला गेला आणि तिकडंच दुसरी करून बसला, तेव्हा ही लेक याच दारात उभी राहून हेच शब्द बोलली होती. चांगुणाबाईंनी लेकीला ओट्यावर बसवलं आणि स्वतः खाली तिच्या पायाशी बसल्या. असले बूट त्यांनी कधी हाताळले नव्हते. त्यांनी नाडीचं चुकीचं टोक ओढलं, गाठ सुटायच्या ऐवजी आणखी आवळली. कोकिळाबाईंनी पाय मागे घेतला नाही. म्हातारी नखांनी गाठ उकलत राहिली.