आजोबांची मान

बाळ तीन महिन्यांचं झालं तरी त्याची मान उजव्या खांद्याकडे कललेली आणि तोंड सदा डावीकडे. घरात मात्र त्याचं केवढं कौतुक! "अगदी ह्यांची मान उचललीय गं," असं म्हणत सासूबाई आल्यागेल्याला सासऱ्यांचा फोटो दाखवायच्या. सासरे गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसत होत्या, त्या या मानेपायी. आता सांगा, अशा घरात "मान वाकडी आहे" हे सुनेने कुठल्या तोंडाने म्हणावं?

तरी ती गुपचूप दवाखान्यात जाऊन आली. मानेचा एक स्नायू आखडलाय, डॉक्टरांनी तपासून सांगितलं. रोज हलका ताण द्यायचा, जागेपणी पोटावर खेळवायचं, खुळखुळा उजवीकडून वाजवायचा. आत्ताच केलं तर बहुतेक सुटेल.

पण व्यायाम सुरू केला की बाळ कुरकुरायचं, आणि सासूबाई त्याला उचलून न्यायच्या. "लेकराला पिळतेस काय? ह्यांची मान खुपते ना तुला?" नवरा मोबाईलमध्ये तोंड खुपसून म्हणायचा, "आईचं मन नको मोडूस." दार लावून घेतलं, तर सासूबाई दाराबाहेर रडत बसल्या. सुनेची रजा संपत आली होती. मग बाळ दिवसभर त्यांच्याच हाती.

शेवटी तिने व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना घरीच बोलावलं. सासूबाईंनी त्यांनाही फोटो दाखवला. बाईंनी तो नीट पाहिला.

"आजी, रस्ता ओलांडताना काय करायचे हो आजोबा?"

"काय करणार? उजवीकडे मान वळायचीच नाही, अख्खे वळायचे. सायकल तर धडकून पडल्यावर सोडलीच. म्हणून मी जन्मभर त्यांच्या उजव्या हाताला चालले."

"आणि दुखायची?"

"रोज शेकून द्यायचे मी," म्हणता म्हणता सासूबाई थबकल्या.

"याच्या उजवीकडून कोण चालणार, आजी?"

सासूबाई बाळाजवळ सरकून बसल्या. "दाखवा, हात कुठे धरायचा ते."

"जोर नाही करायचा. रडलं की थांबायचं, हसलं की पुन्हा."

त्या दिवसापासून खुळखुळा सासूबाईंच्या हातात आला, आणि रजा संपल्यावर सून निर्धास्तपणे कामावर जाऊ लागली.

मंडळी, तान्ह्याची मान एकीकडे कललेली दिसली तर कौतुकात दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि गेलेल्या माणसावर प्रेम जरूर करा, पण त्याचं दुखणं लेकराच्या गळ्यात बांधू नका.