बावन्नशेचा रकाना

मोतीरामनं पट्ट्याचा हूक हातातून सोडून दिला. लोखंड फरशीवर वाजलं तसे शेडमधले पंधरा-वीस जण वळून बघायला लागले.

"आधी बोलायचं," तो म्हणाला. "गाडी मग चढंल रोलरवर."

"काय बोलायचं?" विश्वजितनं विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

"सहा वर्षांमागं उस्मानपुऱ्याच्या तुमच्या गॅरेजात जे बोलला होतात, ते खोटं होतं असं बोलायचं. इथं, ह्या सगळ्यांसमोर." मग त्यानं मागच्या घराकडं तोंड करून हाक मारली, "द्वारका! बाहेर ये जरा!"

बाहेर पडेगावचं ऊन पत्रे तापवत होतं. विश्वजितनं रुमालानं मान पुसली. दीड तास झाला होता येऊन, पण त्याला ह्या घरातून कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. शहरात नळ आठव्या दिवशी येत होता हे खरं, पण पाणी विचारायला काही टाकी रिकामी होत नाही. द्वारकाबाईनं विचारलं नव्हतं, कारण तिला विचारायचं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी मोतीराम विश्वजितकडं कामाला होता. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला जादा हवा कोंबणारा टर्बो होता. तिचं इंजिन फुटलं, आणि विश्वजितनं भर गॅरेजात तीस माणसांसमोर बोट दाखवलं, "हे ह्याच्या हातानं मेलं." झालं! त्या दिवसापासून मोतीरामचं नाव 'इंजिनमाऱ्या' पडलं. कुणी कामाला ठेवीना. गुलमंडीत साडी घेताना एका बाईनं द्वारकाबाईला विचारलं होतं, "तुम्ही त्या इंजिनमाऱ्याच्या का?" साडी तिथंच टाकून ती घरी आली होती.

पुढं दुष्काळात मोतीरामच्या वाट्याची विहीर आटली आणि त्याच उन्हाळ्यात प्लॉटवाले बांधावर आले. त्यानं अर्धं रान दिलं आणि आलेल्या पैशात रोलर घेतला. गाडी पट्ट्यांनी बांधायची, जागेवर पळवायची. चाकं रोलर फिरवतात आणि इंजिनात घोडे खरोखर किती, ते पडद्यावर उमटतं. बाकीचे रोलरवाले, उन्हात इंजिन कमी ओढतं म्हणून, आकड्यावर आठ-दहा टक्के उन्हाचा भत्ता चढवून देत. मोतीराम टर्बोच्या गाडीला छदामही चढवत नसे. माणूस खोटं बोलतो, रोलर नाय, असं तो येईल त्याला सांगायचा. सांगताना त्याच्या डोळ्यांसमोर एकच माणूस असायचा.

आणि आज तोच माणूस दारात उभा होता. दिवस फिरतात ते असे. विश्वजितनं अमेय नावाच्या गिऱ्हाइकाला तीनशे घोड्यांची गाडी बांधून दिली होती, आणि अमेय हटून बसला होता, की आकडा पडेगावच्या मोतीरामकाकांच्या रोलरवर दिसला तरच खरा.

द्वारकाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. विश्वजितनं एकदा अमेयकडं पाहिलं, एकदा जमिनीकडं.

"ते इंजिन मोतीरामनं फोडलं नव्हतं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोला, भाऊजी," द्वारकाबाई म्हणाली. "खोटं बोललात तेव्हा तर सगळा उस्मानपुरा हादरला होता."

कुणीतरी फिसकन हसलं. विश्वजितचे कान लाल झाले, पण तो बोलला, चांगलं खणखणीत बोलला. "ते इंजिन मोतीरामभाऊंनी फोडलं नव्हतं. त्यांनी भरलेला पेट्रोलचा मॅप बरोबर होता. टर्बोचा दाब मी दोन पौंडांनी चढवला, त्यांना न सांगता. इंजिन फुटल्यावर मी घाबरलो आणि त्यांचं नाव घेतलं." तो थांबला. मग कुणी मागितलं नव्हतं तेही त्यानं देऊन टाकलं. "ह्या गाडीचं इंजिन त्याच जातीचं आहे, टर्बो तसाच आहे, आणि मॅप तर त्यांचाच आहे. एक आकडाही मी बदललेला नाही. त्याहून चांगला मला जमलाच नाही."

मोतीरामनं द्वारकाबाईकडं पाहिलं. तिचा चेहरा असा सैल पडलेला त्यानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"चहा टाकते," ती म्हणाली. "सगळ्यांना."

मोतीरामनं हूक उचलला. एकेक पट्टा तो असा आवळत गेला, की बघणाऱ्याला वाटावं लग्नाची गाठ बांधतोय. काळजाला गार वाटत होतं. पण पोट भरलं होतं का? नाय. तीनशे बोललास ना? आता खरा आकडा निघू दे. दोनशे साठ निघू दे, म्हणजे ह्याच गर्दीत दुसऱ्यांदा तोंड काळं होईल.

तो स्वतः गाडीत बसला. समोर पंखा सुरू झाला, कुणी कान झाकले. चौथा गिअर टाकून त्यानं पाय दाबला. इंजिनाचे फेरे तीन हजार. चार हजार. रस्त्यावर विश्वजितनं नवं इंजिन साडेचार हजारांपुढं नेलं नव्हतं. आता ते पुढं निघालं. ताकदीची लाल रेष चढत होती. पाच हजारांना दोनशे बासष्ट. साला, तीनशे गाठणार की काय!

बावन्नशेला हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची हिरवी रेष उसळली. हवा वाढत होती आणि पेट्रोल कमी पडत होतं. असं आणखी क्षणभर गेलं की पिस्टन वितळतो. वैऱ्याचं इंजिन आणि वीस मोबाईल साक्षीला! मोतीरामचा पाय उचलला गेला तो निव्वळ सवयीनं.

"काय झालं?" अमेय ओरडला. "काका, आकडा किती?"

"थांब जरा." मोतीरामला आतून उकळी फुटली होती. म्हणे एक आकडा बदलला नाही! खोटारडा कुठला! लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यानं वायर जोडली. हाच पडदा आता सगळ्यांना दाखवायचा, की बघा, ह्यानं काय करून ठेवलंय.

टर्बोचा दाब होता तेवढाच होता, त्यानं ठरवलेला. मग त्यानं मॅप उघडला. कोणत्या वेगाला किती पेट्रोल द्यायचं, त्याचा तो तक्ता. आकडे त्याचेच होते, रकान्या-रकान्यानं त्याचेच. पाच हजारांपर्यंत एकेक आकडा घासूनपुसून बसवलेला. बावन्नशेच्या रकान्यात मात्र पाच हजाराचाच आकडा होता. चोपन्नशेलाही तोच, छप्पन्नशेलाही तोच.

तो बघत राहिला.

हा तक्ता त्यानं भरला तेव्हा रोलर नव्हता. पहाटे शेंद्र्याकडच्या नव्या रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवायची आणि तक्ता भरायचा. त्या आठवड्यात रस्त्याच्या टोकाला बांधकाम सुरू झालं, डंपर आडवे यायला लागले. पाच हजारांना ब्रेक मारावा लागायचा. वरचे रकाने त्यानं मागचाच आकडा ओढून भरले होते. नंतर बघू, म्हणाला होता. नंतर इंजिन फुटलं, आणि त्यानंतर सहा वर्षं तो फक्त विश्वजितला बघत होता.

ते दोन पौंड नसते तरी ते इंजिन फुटलंच असतं. आज नाय तर उद्या.

खिडकीत विश्वजित वाकला. "काही चुकलं का माझं?" त्यानं हळूच विचारलं. हा आवाज ऐकायला मोतीराम सहा वर्षं जगला होता.

तीन रकाने होते. दोन मिनिटांत आकडे बदलून झाले असते, कुणाला कळलंही नसतं. इंजिन वाचलं असतं, तीनशेही निघाले असते. मोतीरामचं बोट बटणावर जाऊन थांबलं.

द्वारकाबाई ट्रे घेऊन आली. टाकीच्या तळाच्या पाण्याचा चहा होता. पहिला कप तिनं आपल्या हातानं विश्वजितपुढं धरला. "घ्या, भाऊजी. झालं गेलं."

मोतीराम गाडीतून उतरला. लॅपटॉप त्यानं बॉनेटवर ठेवला, विश्वजितकडं फिरवला आणि बावन्नशेवर बोट टेकवलं. विश्वजितनं वाकून पाहिलं. तीन सारखे आकडे त्यानं एकदा वाचले, पुन्हा वाचले. शेंद्र्याला तोही शेजारच्या सीटवर बसलेला असायचा.

"मघाशी बोललात ते माघारी घ्या," मोतीराम म्हणाला.

विश्वजितच्या हातात कप तसाच राहिला. "मोतीरामभाऊ, राहू द्या ना आता."

"काय माघारी?" द्वारकाबाईनं विचारलं. "अहो, काय माघारी घ्यायचं?"

मोतीरामनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"माघारी घ्या," तो म्हणाला. "आणि मोठ्यानं बोला. मघासारखं."