दोघांतला उरलेला सेल

मित्रांनो, मी एक जुना सेल आहे, अंगठ्याएवढा जाड आणि बोटाएवढा लांब. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा गावी, एका घराच्या गॅरेजमध्ये, वाळूने अर्ध्या भरलेल्या पत्र्याच्या डब्यात मी उभा आहे. आम्ही दोघे होतो. गॅरेजमधला पाण्याचा हीटर पेटताना बारीक 'फस्स' असा आवाज होतो, आणि दर वेळी मला वाटते, तो परत आला. मग हीटर नेहमीसारखा घुमू लागतो आणि मला कळते की तो नव्हता.

माझा जन्म २००३ सालचा. तांब्याची एक पातळ पट्टी, अॅल्युमिनियमची दुसरी, दोघींवर काळसर लेप, आणि त्या एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये केसाहूनही बारीक प्लॅस्टिकचा पडदा. हे सगळे सुरळीच्या वडीसारखे गुंडाळून पोलादी नळीत बसवतात, आत द्रव भरतात आणि तोंड बंद करतात. झाला लिथियम-आयन सेल. माझ्या डोक्यावरचे छोटे बटण हे धन टोक. उरलेले सगळे अंग ऋण, अगदी बटणाभोवतीच्या कडेपर्यंत. त्या दोहोंमध्ये दोन मिलिमीटरचे अंतर आहे. अंगावर प्लॅस्टिकची एक साल असते, तिच्या भरवशावर आम्ही जगतो.

आम्ही सहा जण एका लॅपटॉपच्या बॅटरीत होतो. सोबत बोटभर लांबीचे एक सर्किट होते. आम्ही पुरते भरलो की ते विजेचा प्रवाह तोडायचे, फार रिकामे झालो तरी तोडायचे. तो आमचा राखणदार. लॅपटॉप होता यतीनचा. यतीन नागपूरचा इंजिनियर, इथल्या एका कंपनीत कामाला. विमानात बसला की शेजारच्याला सांगायचा, "काय बॅटरी आहे यार! चार तास झाले, अजून चालते आहे." तेव्हा आम्ही सहाही जण मनातून सुखावत असू.

चार वर्षांनी तो लॅपटॉप खणात गेला. आम्ही महिनोन् महिने अंधारात पडून राहिलो. कोणी विचारले नाही.

२००८च्या वसंतात यतीनने बॅटरीचे कवच उघडले. चार जण केव्हाच संपले होते. आम्हा दोघांत अजून जीव होता. त्याने आम्हाला कापून वेगळे केले, आणि राखणदार कचऱ्यात गेला. कापताना माझ्या जोडीदाराची साल खांद्याशी थोडी फाटली. यतीनने ती पाहिली, "नवीन चढवायला हवी," असे स्वतःशीच म्हणाला. ती चढवायची राहून गेली.

यतीन सिगरेट ओढायचा. बायकोला, शैलजाला, ते माहीत होते. आईला नव्हते. सोडायची म्हणून त्याने टपालाने एक इलेक्ट्रॉनिक सिगरेट मागवली होती. तिच्यातली इवलीशी बॅटरी तासाभरात मान टाकायची. म्हणून त्याने एका टॉर्चची नळी घेतली, तिच्या तोंडाशी त्या सिगरेटचा वाफ करणारा भाग जोडला आणि पोटात आमच्यापैकी एकाला घातले. एक कामावर, एक चार्जरवर, अशी आमची पाळी लागली.

मित्रांनो, एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चार्जिंगच्या बाबतीत यतीन काटेकोर होता. लिथियमच्याच सेलसाठी केलेला चार्जर त्याने आणला. तो गालिच्यावर किंवा पलंगावर कधी ठेवला नाही, फरशीच्या एका सुट्ट्या तुकड्यावर ठेवायचा. स्वतः समोर बसायचा आणि घराबाहेर जायचे झाले की आम्हाला काढून ठेवायचा. बोट लावून पाही, गरम लागलो तर लगेच थांबवी. किल्ल्या आणि नाणी असलेल्या खिशात त्याने आम्हाला एकदाही टाकले नाही. आमच्यासाठी प्रवासात वापरतात तशी प्लॅस्टिकची साबणाची डबी आणली होती. दोघे आडवे, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. हे सगळे तो करायचा, आणि आम्ही कोण आहोत हे मात्र घरात कोणाला सांगायचा नाही.

त्याची आई, शरयूआजी, सहा महिन्यांसाठी आली होती. ऑगस्टमध्ये ती परत निघाली. तिला पोचवायला यतीनही तीन आठवडे नागपूरला जाणार होता. निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, दिवाणखान्यात बॅगा उघड्या पडल्या होत्या.

"आई, अगं पन्नास पौंडांच्या वर चालली ही बॅग. दगड भरलेस का?"

"दगड कशाला? तुझ्या बहिणीसाठी बदाम आहेत."

यतीनची आठ वर्षांची मुलगी नेत्रा गालिच्यावर लोळत होती. "आजी, व्हाय इज एव्हरीथिंग सिल्व्हर?"

खरेच तसे होते. दशम्या फॉइलमध्ये, बदाम फॉइलमध्ये, कुंकवाचा करंडासुद्धा फॉइलमध्ये. "प्रवासाला निघायचं म्हणजे सगळ्यांनी नटावं लागतं, बाई," आजी म्हणाली.

यतीनने आमची डबी टेबलावर आणून ठेवली होती. सुटे सेल सामानाच्या बॅगेत टाकायचे नाहीत, विमानात आपल्याजवळच्या बॅगेत ठेवायचे, हा त्या वर्षी आलेला नियम त्याला ठाऊक होता. आजीने डबी उघडली.

"हे काय रे? साबणाच्या डबीत?"

"टॉर्चचे सेल आहेत, आई. राहू दे." तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि तो मागच्या अंगणात गेला.

टॉर्चचे सेल आजीला आयुष्यभर ठाऊक होते. ते मंद झाले की उन्हात ठेवायचे, अजून दोन दिवस चालतात. फार तर काय होते, ते पाझरतात आणि कापडाला डाग पडतो. तिला साबणासाठी डबी हवीच होती. तिने आम्हाला बाहेर काढले, साबण आत ठेवला, आणि आम्ही पाझरून साड्या खराब होऊ नयेत म्हणून फॉइल घेतली.

आधी तिने त्याला गुंडाळले. डोक्यापासून पायापर्यंत, दोन्ही टोके दुमडून, घट्ट. मग मला घेतले. फॉइल संपत आली होती, माझ्या डोक्यापर्यंत पुरली नाही. तिथे तिने कागदी रुमालाचा तुकडा गुंडाळला. त्याला साड्यांच्या घडीत ठेवले, मला बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, कंगव्याशेजारी.

एवढाच फरक, मित्रांनो. मी त्याच्याहून शहाणा नव्हतो की दणकट नव्हतो. तो रोल हातभर लांब असता, तर आज तुमच्याशी बोलायला कोणी उरला नसता.

त्याच्या बटणापासून तळापर्यंत आता धातूची अखंड वाट होती. साठवलेली सगळी वीज त्या वाटेने एकदम धावू लागली. कापडाच्या दोन थरांतून मला त्याची ऊब जाणवली, मग धग. गोडसर, औषधासारखा वास आला. आमच्या आतल्या द्रवाचा वास. तो त्याआधी मला कधी आला नव्हता.

"आजी, युअर बॅग इज हिसिंग!"

बॅगेतून बारीक 'फस्स' असा आवाज येत होता. आजीला वाटले, अत्तराची बाटली फुटली. साड्या वाचवायला तिने उजवा हात बॅगेत घातला.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. ज्वाळा, धूर, नेत्राची किंकाळी. शैलजा स्वयंपाकघरातून धावली. तिने आधी आजीला मागे ओढले, नेत्राला ओरडून बाहेर पाठवले, मग बॅगेचा पट्टा धरून ती सरळ अंगणातल्या काँक्रीटवर फरफटत नेली आणि नळीने पाणी मारत राहिली. माझा जोडीदार विझला तेव्हा एक काळी पोकळ नळी उरली होती. शैलजाने मला कप्प्यातून चिमट्याने काढले आणि वाळूच्या डब्यात टाकले.

आजीचा तळहात भाजला. डॉक्टरांनी पट्टी बांधली, म्हणाले की मूठ पूर्ववत होईल की नाही हे आताच सांगता येणार नाही. तिकिटे पुढे ढकलली. घरात जो येई त्याला आजी एकच सांगे, "माझीच चूक. मी नको तिथे हात घातला."

यतीन खाली मान घालून ऐकायचा.

माझा डबा गॅरेजमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. दारातून सगळे ऐकू येते. सहा महिने ते घर चालवणारी आजी आता विचारू लागली. "शैलजा, हा मायक्रोवेव्ह लावू का?" "हा दिवा मी बंद केला तर चालेल नं?" एकदा म्हणाली, "नळ उघडू का गं?" त्यानंतर बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही.

त्या संध्याकाळी शैलजा यतीनला घेऊन गॅरेजमध्ये आली. तिच्या हातात ती वाफेची नळी होती, त्याच्या बॅगेत सापडलेली.

"तू सांगतोस की मी सांगू?"

"आता सांगून काय होणार, यार? जे झालं ते झालं."

"आई नळ उघडायला परवानगी मागतात, यतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून यतीनने सगळे सांगितले. ते सेल टॉर्चचे नव्हते. साल फाटली आहे हे त्याला माहीत होते. डबीवर काही लिहिले नव्हते, कारण लिहिले असते तर आजीने विचारले असते.

"सिगरेट सोडायला आणलंस हे?" आजीने विचारले.

"हो."

"सुटली?"

"थोडी."

"मग यात लपवण्यासारखं काय होतं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता बरं वाटतंय का मला?"

हीटर पेटला. दोघेही दचकले. म्हणजे ते मला एकट्यालाच ऐकू येत नाही.

"दुसरा कुठे आहे?" आजी म्हणाली. "दाखव. आणि नीट सांग. टॉर्चचा म्हणू नकोस."

यतीनने मला तिच्या डाव्या तळहातावर ठेवले. तिने मला टाकले नाही. यतीन बोट ठेवून दाखवत गेला: हे धन, हे सगळे ऋण, या दोघांना धातूने जोडायचे नाही. फॉइल नाही, किल्ल्या नाहीत, नाणी नाहीत. उन्हात ठेवायचा नाही, बंद गाडीत सोडायचा नाही. साल फाटली की वापर बंद. तिने एकदा त्याला थांबवले. "म्हणजे माझ्या फॉइलच्या आधी तुझी साल फाटली होती."

"हो, आई. आधी माझी चूक."

"मग हे आल्यागेल्याला तूच सांगायचं. मी नाही सांगणार."

त्याने सांगितले. पुढच्या रविवारी जेवायला आलेल्या चार कुटुंबांसमोर, सिगरेटपासून सुरुवात करून सांगितले. आजी तेव्हा स्वयंपाकघरात होती. कोणाला काही न विचारता तिने गॅस पेटवला आणि डाव्या हाताने कढी ढवळू लागली. तिची उजवी मूठ अजून मिटत नव्हती.

मित्रांनो, आजी नागपूरला गेली. शनिवारी शैलजा मला जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात नेणार आहे. घरच्या कचऱ्यात मला टाकू नये, कचऱ्याच्या गाडीतही मी पेट घेऊ शकतो. त्याआधी तुम्हाला विनंती आहे. आम्हाला कठीण, न जळणाऱ्या जागेवर, कोणी जागे असताना चार्ज करा. प्रत्येकाला स्वतंत्र प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा आणि डबीवर आत काय आहे ते लिहा, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल अशा भाषेत. आम्ही धोक्याचे आहोत असे कोणी म्हटले, तर मला मुळीच राग येत नाही. "काही नाही, साधा सेल आहे," असे कोणी आपल्या माणसाला सांगताना मी ऐकतो, तेव्हा मात्र मला तो गोडसर वास पुन्हा येऊ लागतो.