कोरडी सरकी

चंद्रभानांचं पत्र भादव्यात आलं होतं. फाल्गुन सरत आला, तरी वामनरावांनी उत्तर दिलं नव्हतं. चंद्रभान अकोल्याला शेतकी शिकवत. लिहिलं होतं एवढंच : 'पुढच्या मृगातही तुमची पोरं पाठवत असाल तर वावराचा तुकडा राखून ठेवतो. आखजीच्या सणापर्यंत कळवा.'

वामनराव अमरावतीच्या तंत्रशाळेत यंत्रांची चित्रं काढायला शिकवत. आपल्या पोरांनी शेतकीच्या पोरांसोबत एखादं अवजार करावं, ही कल्पना त्यांचीच. वर्गातही ज्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, त्यानं ती प्राचार्यांकडून मंजूर करून घेतली हेच नवल.

गेल्या, म्हणजे बासष्टच्या, मृगात पोरं पेरणीचं लोखंडी यंत्र घेऊन अकोल्याला गेली. शाळेत ज्वारी घालून पाहिली होती. दाणा कसा सरळ पडला होता. वावरात कपाशीची सरकी घातली आणि दहा पावलांत यंत्राच्या नळ्या तुंबल्या.

पेरायला आलेल्या पार्वताबाईंनी मूठभर सरकी उचलून पाहिली. "काहून रे पोरहो, शेणाचा काला लावला नाई? लव हाय ना तिले! कोरडी कशी जाईन खाली?"

शेतकीची पोरं खो खो हसली. यंत्राचं चित्र धर्मपालनं काढलं होतं. तो भडकला. "तुमाले मालूम होतं, तं सांगितलं काहून नाई?"

"तुमी विचारलं कधी? आमाले वाटलं, इंजिनेर लोक हायेत, काई युक्ती असन!"

वामनराव बांधावर उभे होते. ते मूळ दर्यापूरचे. लहानपणी त्यांनीही सरकीला काला चोळला होता.

तेव्हापासून धर्मपाल मार्कांपुरती चित्रं काढी. तो येणार नाही म्हटल्यावर बाकीचेही येईनात. शेवटी वामनरावांनी त्याला थांबवून, यंदा अकोल्याला येणार का, ते विचारलं.

"नाई सर. मले जमत नाई ते."

"तू ज्वारी घालून पाहत होतास, तेव्हा मी मागंच उभा होतो," वामनराव म्हणाले. "मला सरकीचं ठाऊक होतं. वाटलं, माझंच चुकत असेल. बोललो नाही."

निघालेला धर्मपाल मागं वळला.

"मंग औंदा बोलसान?"

"बोलेन."

"तं येतो. पन पार्वताबाईले आधी बोलवा. चित्र तिच्यासमोर काढू."

वामनरावांनी तिथंच चंद्रभानांना कार्ड लिहिलं : 'पोरं येतील. कोरा कागद घेऊन येतो. पहिल्याच दिवशी पार्वताबाईंना बोलावून ठेवा.' पत्ता दोनदा तपासला आणि कार्ड पेटीत टाकलं.