कडेचे ठिपके

माझं काम असं, की माणसाची हनुवटी एका पांढऱ्या, घमेल्याएवढ्या मशीनमध्ये टेकवायची, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "मधल्या दिव्याकडे बघा. कडेला ठिपका चमकला की दाबा." यात घाबरण्यासारखं काही नाही. तरी लोक असे बसतात, जणू मी मुंडकंच छाटणार आहे.

त्या दिवशी एक बसड्रायव्हर आला, बायकोला घेऊन. बावीस वर्षांची नोकरी. मागच्या दोन तपासण्यांत त्याने कडेचे निम्मे ठिपके चुकवले होते. ही तिसरी, शेवटची. यातही नापास झाला, तर बस कायमची सुटणार होती.

डॉक्टरांना डोळ्यांत दोष सापडत नव्हता. मला मात्र बघताक्षणी रोग कळला. भीतीने माणसाची नजर बोगद्यात शिरते, आणि या गृहस्थाने तर तिथे मुक्कामच ठोकला होता. शेजारून बायकोने पाण्याची बाटली पुढे केली, तीही त्याला दिसली नाही.

पहिले पाच ठिपके चमकून गेले. बोट हललं नाही. माझं टाळकं सटकलं.

"काका, मशीन बिघडलंय," मी म्हणाले. "दुरुस्तीवाला येईपर्यंत नुसता सराव करू. दिवे लागतायत, पण नोंद होत नाही."

धादांत खोटं. नियमात बसतं का? अजिबात नाही.

त्याचे खांदे खाली आले. बटण टकाटक वाजायला लागलं. वरचे, खालचे, पार कोपऱ्यातले ठिपकेसुद्धा. आधी एक डोळा, मग दुसरा. मधेच स्वारी गुणगुणायला लागली, तेही बेसूर. मी सहन केलं.

"चला मॅडम, आता खरी घ्या."

"झाली. पास."

तो आ वासून बसला. बायको मात्र खमकी. "ताई, आणि रस्त्यावर हे असेच घाबरले तर?"



"रस्त्याला कोण घाबरतंय?" तो समोर बघतच म्हणाला. "मी घरी बसायला घाबरतो. दिवसभर तुझ्यासमोर बसून करू काय? बस सोडून मला येतं काय दुसरं?"

"मी आहे ना, अहो," ती म्हणाली. आणि डोळे पुसायला पर्स चाचपायला लागली.

त्याने मान वळवली नाही. खिशातून रुमाल काढला आणि डावीकडे, बरोबर तिच्या हातापाशी धरला.