कॅमेऱ्यात नुसती पाठ

मी दिवसभर बोलून पोट भरणारा माणूस आहे. काशीच्या दशाश्वमेध घाटावर माझी पुरोहिताची छत्री आहे. सोलापूर-सांगलीकडची बस आली, की संकल्प सांगण्यापासून चहा कुठे बरा मिळतो इथपर्यंत सगळं मीच बोलतो. यजमान थकतात, मी थकत नाही. आमची प्रभा म्हणते, "उन्हाळ्यात गंगा आटेल, पण ह्यांचं तोंड आटायचं नाही." गंमत अशी, की आमच्या शरूला फिट आली की नेमका मीच मुका होतो.

शरदिनी ही आमची एकुलती एक मुलगी, वय बारा. लहानपणापासून तिला फिट येतात. दाणकन पडणं वगैरे क्वचित. बहुतेक वेळा ती बसल्या जागी थबकते, नजर कुठेतरी लागते, तोंड काहीतरी चघळल्यासारखं चालू राहतं आणि उजव्या हाताची बोटं काहीतरी शोधायला लागतात. घरी मी धोतरावर, वरून उघडाच. मी धावत जाऊन तिला कवेत घेणार आणि ती बोटं माझ्या जानव्याशी येणार. धरणार, ओढणार, पिळणार. पुष्कळदा जानवं तुटतंच. आता आमच्या घरातला नियम असा, की जानवं तुटलं की हातपाय धुऊन, गायत्री म्हणून नवं घालेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आजोबांनी पाळला, वडिलांनी पाळला, मीही पाळतो. त्यामुळे प्रभा विचारतेय, "अहो, श्वास नीट चाललाय ना?" आणि मी दोन्ही हातांनी खुणा करतोय, हा देखावा आमच्याकडे ठरलेला. त्यात प्रभा "शरू, शरू" अशा हाका मारणार आणि उत्तराची वाट न बघता पाणी आणायला पळणार. माझी अन्नपूर्णाआत्या आमच्याकडेच असते. ती कोपऱ्यात बसून संकठादेवीचं स्तोत्र अशा आवाजात म्हणणार, की मंगला गौरीच्या देवळातल्या पुजाऱ्याला कळावं, गुरुजींच्या पोरीला आज पुन्हा आली.

जानव्याचा अर्थही आत्यानेच लावलेला. "पोरगी होशमध्ये नसते, तरी हात जातो तो जानव्यालाच. मागल्या जन्मीचं कोणी मोठं माणूस आहे हे." सगळ्या गल्लीत तिने हे सांगून ठेवलं होतं. मी वरवर हसायचो. पण आतून सुखावायचो. मागला जन्म राहू द्या, तिला जगाचं भान नसतं तेव्हाही आपल्या बापाचा पत्ता बरोबर सापडतो, एवढं मला पुरे होतं.

औषधं बदलून झाली, वाढवून झाली. शाळेत बाई वर्गाकडे पाठ करायला घाबरायला लागल्या. शेवटी काशीतल्याच लंका मोहल्ल्यातल्या एका इस्पितळातल्या डॉक्टर सुनीती मिश्रा म्हणाल्या, की फिट मेंदूतल्या एकाच जागेहून निघत असेल, तर ऑपरेशन करून ती जागा काढता येते. पण आधी ती जागा पक्की कळली पाहिजे आणि त्या जागेत बोलण्याचं, समजण्याचं काही नाही, हेही कळलं पाहिजे. मी तपासणीला हो म्हणालो, ऑपरेशनला नाही. माझ्या मुलीचं डोकं उघडायचं, या वाक्यापुढे माझं डोकं चालत नव्हतं. मनात म्हटलं, तपासणीत काहीतरी निघेल आणि बाई स्वतःच म्हणतील, राहू द्या.

तपासणी अशी, की शरूच्या डोक्याला ठिकठिकाणी तारा चिकटवल्या आणि वरून पट्ट्यांचा मुंडासा बांधला. तारा जाऊन भिंतीवरच्या यंत्रात. पलंगासमोर कॅमेरा. शरूने मोबाईलमध्ये स्वतःला पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मी एकदम पेशवा लागतेय." काशीचं मराठी असंच, इथे माणूस पेशवा दिसत नाही, लागतो.

मग सुरू झाली उलटी गंगा. इतकी वर्षं फिट येऊ नये म्हणून जीव टाकला, आणि आता ती यावी म्हणून डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. फिट आली की यंत्रावर तिची नोंद होणार, कॅमेऱ्यात दिसणार, मग कळणार. आम्ही नवराबायको पाहुण्याची वाट पाहावी तसे बसलो. पाहुणा येईना. शरू मजेत लुडो खेळत होती आणि प्रत्येक डावात मला हरवत होती.

प्रभाच्या मनात आलं, "अहो, घरी आत्याबाईंचं स्तोत्र चालू असेल ना? फिट येऊ नये म्हणून?"

खरंच की. प्रभाने फोन लावला आणि आत्याला सांगितलं, चार दिवस जरा थांबा.

"थांबू?" आत्याचा आवाज मला पलंगापलीकडे ऐकू येत होता. "देवीला काय सांगू, छुट्टी घे म्हणून?"

"आत्याबाई, इथं फिट यायला हवी आहे."

"हाय राम! कोण म्हणतं?"

"डॉक्टर म्हणतात."

मग आत्या म्हणाली, "मी फिट मागणार नाही. मी म्हणेन, डॉक्टरणीला जे दिसायला पाहिजे ते दिसू दे. पुढचं देवी बघेल." आमच्या घरात वकिली कोणी केली असती तर आत्यानेच.

डॉक्टरांनी मला चार कामं नेमून दिली होती. फिट सुरू झाली की हातातलं बटण दाबायचं. अंगावरची चादर काढायची. कॅमेऱ्याच्या मध्ये यायचं नाही. आणि तिला विचारत राहायचं, नाव काय, हे काय आहे, मी कोण. "पंडितजी, बोलना आपको आता है," त्या म्हणाल्या. प्रभा हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

दुपारी उकडत होतं. मी सदरा काढून ठेवला होता. शरू केळं खाता खाता थबकली. नजर लागली. ओठ चालू लागले. बटण मी दाबलं, एवढं नक्की. पुढचं मला कळलंच नाही. मी उडी मारून तिला कवेत घेतलं, तिची बोटं चाळवली, जानव्याला भिडली, आणि तटकन तुटलं. मी मुका. तिची फिट ओसरेपर्यंत मी तिला धरून बसलो, मग तसाच खुणा करत नळापाशी गेलो. नर्स विचारतेय, "क्या हुआ, पंडितजी, कुछ बोलिए तो!" मी बोट वर करून सांगतोय, थांबा.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर माझी पाठ होती. भरदार, घामाने चमकणारी, अख्खा पडदा व्यापून राहिलेली. शरूचा एक पाय तेवढा बाजूने दिसत होता. आवाज काहीच नाही.

"ये आपकी पीठ है," डॉक्टर म्हणाल्या. "इसका ऑपरेशन मुझे नहीं करना. और आप चुप क्यों थे?"

मी जानव्याचं सांगितलं. मला वाटलं हसतील, नाहीतर चिडतील. त्या दोन्हींपैकी काही न करता म्हणाल्या, "तो टूटने मत दीजिए. दूर खड़े रहिए." इतकं सरळ उत्तर मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, याचाच मला राग आला. त्यांचा नाही, माझा.

दुसरी फिट सकाळी आली. या वेळी मी सदरा घातलेला, खुर्ची पलंगापासून लांब ओढलेली. शरू प्रभाकडून वेणीच्या राहिलेल्या टोकाला रिबन बांधून घेत होती. थबकली. मी बटण दाबलं, चादर काढली, प्रभाचा दंड धरून तिला बाजूला ओढलं आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

शरूचा डावा हात कोपरापाशी वाकून ताठ झाला. उजवा शोधायला लागला. गादीवरून पुढे, मागे, पुढे. माझ्यापासून दोन हातांवर. आजवरच्या आयुष्यात मी यापेक्षा अवघड काही केलेलं नाही. प्रभा माझं मनगट आवळून उभी होती. ती मला धरत होती की स्वतःला, कोण जाणे.

"शरू," मी म्हणालो. "शरू, तुझं नाव काय?"

काही नाही. ओठ चघळतायत.

"बाळा, नाव काय तुझं?"

"शरदिनी," ती म्हणाली.

मी प्रभाकडे पाहिलं. प्रभाने माझ्याकडे. शरूची नजर तशीच लागलेली, बोटं तशीच चालू. घरी कधीतरी तिचे ओठ हललेले मी पाहिले होते. ती काही बोलत असेल हे मनातही आलं नव्हतं. त्या कोलाहलात ऐकणार कोण?

मी कंगवा उचलला. "हे काय आहे?"

"कंघी."

"मी कोण?"

"बाबा."

माझ्या यादीतले प्रश्न संपले. मी दिवसभर बोलून पोट भरणारा माणूस, आणि मला पुढे काय विचारावं कळेना. मग जे तोंडात आलं ते विचारलं. "भीती वाटते का गं तुला?"

तिला वेळ लागला. बोटं थांबली, पुन्हा चालली.

"हो," ती म्हणाली.

त्यानंतर फिट ओसरली आणि तिला झोप लागली.

डॉक्टर पडद्यापाशी जवळजवळ नाचायच्याच बाकी होत्या. उजवा हात चाळवतोय आणि डावा ताठ होतोय, आणि डावं अंग मेंदूची उजवी बाजू चालवते, म्हणजे जागा उजवीकडची. यंत्रावरची नोंदही तेच सांगत होती. आधी काढलेल्या मेंदूच्या फोटोत जो जुना छोटा व्रण आला होता तोही तिथेच. आणि फिट चालू असताना ती बोलते, म्हणजे बहुधा बोलण्याचं घर दुसऱ्या बाजूला. एखाददुसरी तपासणी बाकी आहे, पण ऑपरेशन होऊ शकेल असं त्यांना वाटतं. आणि फिट पुष्कळ कमी होतील, कदाचित बंदही होतील.

मी विचारलं ते भलतंच. "ती त्या हाताने मला शोधते ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "नहीं, पंडितजी. वो हाथ किसी को नहीं ढूँढता. चादर मिले तो चादर, जनेऊ मिले तो जनेऊ. वो बीमारी का हाथ है."

खोटं कशाला बोलू, ऑपरेशन होण्यासारखं आहे याचा आनंद व्हायच्या आधी मला याचंच वाईट वाटलं. मुलगी बरी व्हायची बातमी ऐकून बाप हिरमुसला, असा बाप काशीत दुसरा नसेल. प्रभा बाहेर आल्यावर म्हणाली, "तुम्हाला जानव्याचं लागलं ना?" मी नाही म्हणालो. तिने पदराने माझे डोळे पुसले.

शरू उठली ती भुकेली. मी तिला कचोरी आणून दिली. डोक्यावरचा मुंडासा सांभाळत ती खायला बसली आणि मी पलंगावर, तिच्या शेजारी.

"तू मघाशी बोललीस," मी म्हणालो.

"मैंने? फिटमध्ये?" तिचे डोळे मोठे झाले. "काय बोलले?"

"नाव सांगितलंस. कंघी म्हणालीस. बाबा म्हणालीस." मी थांबलो. "आणि भीती वाटते म्हणालीस."

"ते तर वाटतंच."

"वाटतं म्हणजे? दर वेळेला?"

"हो. पहिले पोटात कसंतरी होतं, मग खूप डर लागतो. कोणी मागे उभं आहे असं. मग पुढचं काही याद नाही." तिने कचोरीचा तुकडा मोडला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"अगं, मग सांगितलं का नाहीस कधी?"

"कोणी विचारलंच नाही."

तक्रार नव्हती त्यात. वार सांगावा तसं तिने सांगितलं. तिला फिट येऊन गेली, की आम्ही तिला दूध प्यायलीस का, डोकं दुखतं का, पडलीस तर लागलं का, सगळं विचारायचो. एवढंच राहिलं होतं.

मी म्हटलं, "शरू, आता एक विचारतो. खरं सांगायचं. ऑपरेशनची भीती वाटते?"

तिने नीट विचार केला. बारा वर्षांच्या मुलीने करावा तितका नाही, त्याहून जास्त.

"वाटते," ती म्हणाली. "पण ती एकदाच वाटणार ना, बाबा?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. दारात उभ्या असलेल्या प्रभाने सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने होकाराची मान हलवली.

"आणि सगळे केस काढतील का?" शरूने विचारलं.

"ते मला माहीत नाही."

"मग विचारा ना."

"विचारतो," मी म्हणालो, आणि ऑपरेशनला हो म्हणायला डॉक्टरांच्या खोलीकडे निघालो.