दुसरी रिंग

चष्मेकाकांच्या बायकोने त्या गाडीला लग्नानंतर आठव्या दिवशी 'सवत' म्हटलं, ते नाव पस्तीस वर्षं टिकलं. आकाशी रंगाची, दोन दारांची ती जुनी गाडी बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये शेवटच्या खांबाला चिकटून उभी असायची. तिच्यातून जायचं असं कुठेच नव्हतं. काकांचं चष्म्याचं दुकान चालत दहा मिनिटांवर. पण रविवार उजाडला की काका फाटका शर्ट चढवून खाली उतरायचे, आणि पहिल्या मजल्यावरून त्यांचे थोरले भाऊ, दादा, मागोमाग यायचे. दादा एका उलट्या क्रेटवर बसायचे आणि बोटाला ग्रीसचा ठिपकाही न लावता सगळी दुरुस्ती तोंडाने करायचे.

ते क्रेट आता पाच आठवडे रिकामं होतं. दादा रॅम्पवर घसरले, खुब्याचं हाड मोडलं, हॉस्पिटलात पडून पडून छाती भरली आणि बाविसाव्या दिवशी संपलं. एवढा धडधाकट माणूस एवढ्या थोडक्यात आटोपला, हे काकांना अजून पटत नव्हतं.

दादा पडले त्या सकाळी रॅम्प ओला होता. सफाईवाल्या मावशीने नुकताच धुतला होता, त्यामुळे खापर फोडायला डोकं समोरच होतं. साबणाचं पाणी तसंच ठेवलं, असा अर्ज काकांनीच सेक्रेटरीला लिहून दिला. वहिनींनी तर गेटपाशी, चारचौघांत, मावशीला नाही नाही ते सुनावलं. तिसऱ्या दिवशी मावशीचं काम गेलं.

"जा खाली," बायको आज म्हणाली. "सवतीखाली डाग पडलाय म्हणून वॉचमन दोनदा सांगून गेला. घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा तिच्याकडे बघ."

काका उतरले. गळतीचं त्यांना ठाऊक होतं. दादा पडायच्या आठवडाभर आधी त्यांनी ऑइल आणि फिल्टर बदलला होता, आणि दुसऱ्याच दिवशी खाली दोन थेंब दिसले होते. म्हाताऱ्या गाडीला एवढं चालायचंच, म्हणून त्यांनी खाली पुठ्ठा सरकवला आणि विषय सोडून दिला. दादांनी मात्र सोडला नाही. कुठल्याशा दुकानातून ते एक बारीक बाटली आणि जांभळ्या उजेडाचा टॉर्च घेऊन आले. "डॉक्टर पोटात रंग सोडून फोटो काढतात ना, तसं आहे हे. ऑइलमध्ये ओत, चार दिवस फिरव, मग टॉर्च मार. गळतंय तिथे चमकेल." रंग ओतला, आणि तिसऱ्या दिवशी दादा पडले. तेव्हा लावून ठेवलेली गाडी नंतर कुणी हलवली नव्हती.

काकांनी डिपस्टिक ओढून पुसली, परत घातली, परत ओढली. ऑइल खालच्या खुणेलाही टेकत नव्हतं. दोन थेंबांचा हिशेब हा नव्हे, हे त्यांना तिथेच कळायला हवं होतं. त्यांनी डब्यातून ऑइल भरलं, इंजिन चिंध्यांनी कोरडं पुसलं आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकले.

"साहेब."

टायरच्या पलीकडे झिजलेल्या रबरी चपला दिसल्या. आवाज मावशीचा होता. काका तसेच बाहेर सरकून उठून बसले.

"हॉस्पिटलात झाडलोटीचं काम मिळतंय," मावशी उभ्या उभ्याच म्हणाली. "पण आधीच्या जागेची चिठ्ठी मागतात. सेक्रेटरी म्हणाले, अर्ज तुमचा होता, तर तुम्हीच लिहून द्या, ते सही करतील."

"काय लिहून देऊ?"

"माझी चूक नव्हती, एवढंच."

"मावशी, माझा भाऊ गेलाय."

"ठाऊक आहे, साहेब. विसरू कुठे देतात लोक? पलीकडच्या गल्लीतली पोरंसुद्धा मला साबणवाली म्हणतात. पण त्या दिवशी साबण नव्हताच. डबा दोन दिवस आधी संपला होता. मी नुसतं पाणी मारलं होतं."

हे तिने तेव्हाही सांगितलं होतं आणि तेव्हाही कुणी ऐकून घेतलं नव्हतं. काकांना रागच आला. भाऊ गेला तो गेला, वर आता ही चिठ्ठी मागते. पण तोंडावर नाही म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"हातातलं काम होऊ दे. बघतो."

"मी गेटपाशी बसते," ती म्हणाली. "उद्या सकाळी दाखवायची आहे."

ती गेली. काकांनी इंजिन सुरू केलं, थोडं तापू दिलं, दुकानातून आणलेला पिवळ्या काचांचा चष्मा चढवला आणि टॉर्च लावला. गळती शोधायची तर वरून खाली यायचं. ऑइल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे उडतं, आणि तळाला सगळंच ओलं दिसतं. वरचं झाकण कोरडं होतं. झाकणाची कड कोरडी. मग टॉर्च बाजूला वळला आणि फिल्टरच्या तोंडाभोवती हिरवट पिवळी रेघ पेटली. काकांनी एक्सिलरेटरची तार हाताने ओढली. इंजिन गुरगुरलं, तशी रेघेतून ऑइलची बारीक चिळकांडी उडाली. हात सोडला की थांबली.

त्यांनी इंजिन बंद केलं, निवेपर्यंत वाट पाहिली, फिल्टर फिरवून काढला आणि बोट आत घालून बसायची जागा चाचपली. तिथे रबर लागलं. नव्या फिल्टरची रिंग नव्या फिल्टरवर होती, मग हे रबर कुठलं? नखाने सोलल्यावर ती निघाली: जुन्या फिल्टरची रिंग, चपटी, काळी, इंजिनलाच चिकटून राहिलेली.

जुना फिल्टर काढला की आधी त्याची रिंग सोबत निघाली का ते बघायचं, मग नवा लावायचा. हा नियम काकांनी स्वतः कितीतरी जणांना शिकवला होता. पण त्या रविवारी टीव्हीवर सामना होता, दादा वरून हाका मारत होते, आणि काकांनी न बघता नवा फिल्टर आवळला होता. दोन रिंगा एकावर एक बसल्या होत्या. इंजिन शांत असेपर्यंत त्या तग धरायच्या. जोर आला की ऑइल सुटायचं.

जोर कधी यायचा? सवत थंड असली की बंद पडायची, आणि बिल्डिंगचं गेट उघडायचं गोगलगाईच्या चालीने. म्हणून काका दर वेळी रॅम्पच्या वळणावर गाडी थांबवून, गेट उघडेपर्यंत इंजिन रेटत ठेवायचे. त्या सकाळी रंग फिरवायला गाडी काढली, तेव्हाही ठेवलं होतं. दादा नेहमीसारखे पायी, गाडीच्या मागून, निरोप द्यायला येत होते.

टॉर्च हातात तसाच होता. फरशीवर पेटलेले थेंब दिसले, खांबापासून रॅम्पकडे जाणारे. काका त्यांच्या मागे चालत गेले. वळणावर वर छत असल्याने दुपारीही अंधारच असायचा. तिथे थेंब नव्हते. तिथे परातीएवढा फिकट डाग होता, सिमेंटच्या भोकाभोकांत मुरलेला, पाण्याने न गेलेला. दादा जिथे सापडले, ती ही जागा.

हे आपण नंतर येताना सांडलं असेल, असं काकांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण खाली येताना वळणावर कुणी थांबत नाही. खात्री करायची एकच वस्तू उरली होती, आणि ती पहिल्या मजल्यावर होती.

दादांचं दार उघडं होतं. वहिनी आत कुठेतरी होत्या. काका चपलांच्या कपाटापाशी उकिडवे बसले, हॉस्पिटलातून परत आलेली पिशवी ओढली, दादांची उजवी चप्पल काढली आणि कपाटाच्या अंधारात धरून टॉर्च मारला. टाचेच्या खाचा हिरव्यागार चमकल्या.

"काय शोधताय, भाऊजी?"

वहिनी मागे उभ्या होत्या. काकांनी चप्पल पुढे धरली. "आमच्या ऑइलचा रंग आहे, वहिनी. दादाच्या चपलेला."

कसलं ऑइल, कसला रंग, असं वहिनींनी विचारलं नाही. त्या नुसत्या चपलेकडे बघत राहिल्या.

"पुसून ठेवायला हवी होती," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून राहून गेलं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ह्यांनी त्याच दिवशी सांगितलं. पडल्यावर हात टेकला, तर हाताला ऑइलचा वास. म्हणाले, धाकट्याला कळू देऊ नकोस, जन्मभर स्वतःला खात बसेल."

"आणि मावशी?"

"लोक आधीच साबण साबण करत होते. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"नाही म्हटलं नाही? गेटपाशी उभं राहून तुम्ही तिला..."

"हो, बोलले. जोरात बोलले." वहिनींचा आवाज फाटला. "ठाऊक असतं ना, भाऊजी, तेव्हा जास्तच जोरात बोलावं लागतं. आता तुम्ही काही बोलू नका. गेलेल्या माणसाचा शब्द आहे."

काकांना आयुष्यात पहिल्यांदा दादांचा संताप आला. हे कामही त्यांनी क्रेटवर बसूनच केलं होतं. हात मळले ते दुसऱ्याचे. पण राग फार वेळ टिकेना. दादा मरता मरता धाकट्याचाच विचार करत होते, आणि हे काकांना कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं. त्यांनी दादांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि लिहून काढलं.

मावशी गेटपाशी पायरीवर बसली होती. काकांनी कागद पुढे केला. तिने तो हातभर लांब धरला, मग आणखी लांब धरला.

"तुम्हीच वाचा, साहेब. मला जवळचं दिसत नाही."

सहा वर्षं ती काकांच्या दारासमोर झाडत होती. लोकांचे डोळे तपासून पोट भरणाऱ्या माणसाला ते कधी दिसलं नव्हतं. त्यांनी वाचलं: "माझ्या गाडीच्या इंजिनला फिल्टरची जुनी रिंग माझ्या हलगर्जीपणामुळे चिकटून राहिली. त्यातून रॅम्पवर ऑइल सांडलं आणि त्यावरून माझा भाऊ घसरला. सफाई करणाऱ्या बाईंचा यात काही दोष नाही. माझा आधीचा अर्ज चुकीचा होता."

वॉचमन ऐकत होता. त्याने मान खाली घातली.

काकांना वाटलं, मावशी ओरडेल, निदान रडेल. तिने एवढंच विचारलं, "तुमच्या वहिनींना हे कधी कळलं?"

काकांच्या तोंडून निघून गेलं, "आत्ता. मीच सांगितलं."

"मग त्यांचं मी मनाला लावून घेत नाही," मावशी म्हणाली. कागदाची घडी घालून तिने ती पिशवीत सांभाळून ठेवली. "माणूस पडला होता त्यांचा. ठाऊक नसताना बोलल्या. त्यांना सांगा, माझ्या मनात काही नाही."

माझ्याबद्दल काय, हे काकांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ती सेक्रेटरींची सही घ्यायला गेली. काका बेसमेंटमध्ये उतरले. जागा पुसून त्यांनी नव्या फिल्टरच्या रिंगेवर बोटाने ऑइल फिरवलं, तो हाताने बसेपर्यंत आवळला, वर पाऊण फेरा दिला, इंजिन रेटून पाहिलं. एक थेंब आला नाही. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम होतं.

वर जाताना वहिनी दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाली?"

"म्हणाली, वहिनींबद्दल मनात काही नाही. ठाऊक नसताना बोलल्या."

वहिनींनी चौकट धरली. "तुम्ही तिला सांगितलं नाहीत?"

"नाही."

"का?"

"दादाचाच भाऊ आहे मी."

वहिनी अनवाणीच जिना उतरू लागल्या. काका मागे धावले. गेटपाशी वॉचमन म्हणाला, सही घेऊन मावशी केव्हाच गेली. वहिनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत होत्या.

"कुठे राहते ती?" त्यांनी विचारलं.

वॉचमनने काकांकडे पाहिलं आणि काकांनी वॉचमनकडे. दोघांनाही ठाऊक नव्हतं. आणि कोणत्या हॉस्पिटलात लागणार, तेही काकांनी विचारलं नव्हतं.